एकवीस इंचांची सीट

गाडी घेताना लोक अ‍ॅव्हरेज विचारतात, डिकी उघडून बघतात, आणि ज्यांना यातलं काहीच कळत नाही ते टायरला हलकेच लाथ मारून मान डोलावतात. मी पर्समधून शिवणाची टेप काढली. शोरूमच्या चकचकीत फरशीवर गुडघे टेकले, जमिनीपासून सीटपर्यंतचं अंतर मोजलं आणि उठून म्हटलं, "अठरा. नाही चालायची."

गाड्या दाखवणाऱ्या गृहस्थांचं नाव चेतन. टाय वगैरे लावलेला, अत्यंत सोशिक माणूस. त्याने विचारलं, "मॅडम, आपण नेमकं काय शोधताय?"

"एकवीस इंच."

"टायर?"

"सीट. एकवीस ते चोवीस. त्याच्या खाली नको आणि वरही नको."

"आणि बजेट?"

"ते सीट मिळाल्यावर बघू."

त्याने हातातल्या फॉर्मवर गंभीरपणे काहीतरी लिहिलं. मी तिरक्या नजरेने वाचलं. 'कस्टमरची अपेक्षा: उंची' असं होतं. माझा नवरा संजय मागे उभा राहून कुठल्याशा बाईंबरोबर चुकून आत आल्यासारखा चेहरा करत होता. तेवीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत पोरांना गप्प बसवलेली बाई आहे मी, फरशीवर गुडघे टेकायची मलाही काही हौस नव्हती.

कारण सांगते. माझे वडील तात्याराव स्वारगेटला चौतीस वर्षं बसचे ड्रायव्हर होते. आता ते आमच्याकडे हडपसरला असतात. गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, एकवीस इंचांच्या खाली बसायचं नाही आणि उंच पायरी चढायची नाही. घरातली त्यांची खुर्ची मी सुताराकडून ठोकळे लावून उंच करून घेतली. पण पुणे शहराला ठोकळे कुठून लावणार? रिक्षात चढवेना. एकदा भाड्याच्या मोटारीतून तपासणीला नेलं, तर सीट इतकी खोल की उतरताना मी, संजय आणि एक अनोळखी भला माणूस अशा तिघांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. रस्त्यावरच्या एका शहाण्याने त्याचा व्हिडिओ घेतला. त्या दिवसापासून तात्या घराबाहेर पडायचे बंद झाले. आणि बस? चौतीस वर्षं ज्या बसमधून त्यांनी अख्खं पुणं फिरवलं, तिची पहिली पायरीसुद्धा त्यांच्या आवाक्यात राहिली नव्हती. हे ते बोलून दाखवायचे नाहीत. बसचा विषय निघाला की पेपर थोडा वर धरायचे, इतकंच.

हेही मी निभावून नेलं असतं. पण रामदासकाका होते ना. रामदासकाका म्हणजे तात्यांचे कंडक्टर. बावीस वर्षं एकाच बसवर जोडी होती त्यांची. दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ते हिंजवडीला मुलाकडे असतात. म्हणजे आम्ही शहराच्या या टोकाला आणि ते त्या टोकाला. रोज संध्याकाळी सहाला तात्या फोन लावतात, काकांची सून श्रद्धा फोन त्यांच्या कानाशी धरते, आणि तात्या एकटेच बोलत सुटतात. मेथी कितीला मिळाली, डेपोतला कोण गेला, कुणाच्या नातवाचं लग्न ठरलं. पलीकडून फक्त 'हं' येतो. रोज पंधरा मिनिटं हा कार्यक्रम चालतो.

एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर तात्या म्हणाले, "त्याचा हं बारीक झालाय गं." मग पेपरची घडी घालत म्हणाले, "एकदा बघायला पाहिजे होतं त्याला."

माझ्या वडिलांनी जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही. ते 'होतं' माझ्या काळजाला जे लागलं, ते लागलंच. दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की आपण गाडी घेतोय.

आमच्या सोसायटीत बेचाळीस फ्लॅट आहेत आणि साधारण साठएक सल्लागार. बातमी जिन्यात पोचायच्या आत सेक्रेटरी सुदर्शन दारात हजर. त्यांनी आजवर तीन गाड्या घेतल्यात, म्हणून या विषयात त्यांचा शब्द शेवटचा, असं त्यांचं मत. "वहिनी, पहिली गाडी नेहमी सेकंडहँड घ्यावी. ठोकाठोकी तिच्यावर करून घ्यायची." तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याची दुखणी विकत घेणं. पांढरीच घ्या, विकताना किंमत येते. पांढरी मुळीच घेऊ नका, लोक हात दाखवून 'स्टेशनला येणार का' विचारतात. कर्ज सात वर्षांचं काढा, हप्ता जाणवत नाही. तीन वर्षांचं काढा, व्याज वाचतं. डिसेंबरात घ्या, सवलत असते. डिसेंबरात घ्याल तर महिनाभरात गाडी एका वर्षाने म्हातारी होईल. मी सगळ्यांना "हो का?" म्हटलं. सीट किती उंच हवी, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

गाडी चालवणार मीच होते. संजय स्कूटर पंचवीसच्या वर नेत नाही, आणि त्यातही डावीकडून कुणी पुढे गेलं की थांबून घाम पुसतो. मी क्लास लावला. क्लासवाल्याने शिकवलेलं तात्यांना पसंत पडेना. रोज संध्याकाळी ते मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायचे, हातात परात द्यायचे आणि स्वतः ठोकळ्यांच्या खुर्चीवरून हुकूम सोडायचे. "डावीकडे घे. अगं, परात काय गरागरा फिरवतेस, आत चाळीस माणसं उभी आहेत!" समोरच्या बाल्कनीतून हे सगळं दिसतं, हे मला आठ दिवसांनी कळलं. तोवर मी मनोमन कात्रज घाट तीनदा उतरले होते.

पाचव्या शोरूमला टेप बावीसवर थांबली. तेही चेतनच्याच मालकाचं दुसरं दुकान निघालं, आणि त्या दिवशी चेतनची ड्यूटी तिथेच होती. खुश माझ्यापेक्षा तोच जास्त झाला. "बावीस, मॅडम! बावीस!" असं तो इतक्या मोठ्यांदा ओरडला की पलीकडे गाडी बघणाऱ्या कुटुंबाला वाटलं, मला बावीस टक्के सवलत मिळाली. आता तात्यांनी बसून बघणं बाकी होतं. चेतन गाडी घेऊन सोसायटीत आला.

तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, बूट घालून, काठी टेकत खाली आले. चार महिन्यांनी खाली आले होते. तेवढ्यात सुदर्शन आले. "पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये फक्त अर्धा तास," असं त्यांनी चेतनला सुनावलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे जाऊन बसले. मागे त्यांच्या सौ. बसल्या. मग दुसऱ्या मजल्यावरचे आले, त्यांनी एसी लावून बघितला. कुणी हॉर्न वाजवला, कुणी डिकीत लहान मुलाला बसवून मापं काढली. एक आजोबा काचा खालीवर करत 'आमच्या वेळी' या विषयावर बोलू लागले. ज्यांच्यासाठी गाडी आली होती ते तात्या भिंतीला टेकून, काठीवर दोन्ही हात ठेवून, शांतपणे रांगेत उभे होते. जन्मभर इतरांना बसायला जागा देण्याची सवय, दुसरं काय! अठ्ठाविसाव्या मिनिटाला माझं डोकं फिरलं.

"उतरा! सगळेच्या सगळे उतरा!"

सगळे उतरले. सुदर्शन माझ्याशी पुढचे आठ दिवस बोलले नाहीत, आणि त्या आठ दिवसांत माझी बरीच कामं उरकली.

तात्यांनी आधी पाठ सीटकडे केली, टेकले, मग एकेक पाय आत घेतला. दुखलं नाही. समोरच्या काचेतून बघत ते कितीतरी वेळ बसून राहिले. त्यांचा उजवा पाय मॅटवर काहीतरी चाचपडत होता.

"ब्रेक लांब आहे," ते म्हणाले.

"तात्या, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीच आहे."

"तेच म्हणतोय मी."

मी तोंड फिरवून हसले. खरं तर रडूच येत होतं, पण चेतन समोर होता.

आता फक्त पैसे उभे करायचे होते. साठवलेलं सगळं ऑपरेशनला गेलं होतं, म्हणजे कर्ज आलंच. मी ताठ मानेने बँकेत गेले. कायमची नोकरी, कुणाचं एका रुपयाचं देणं नाही, असं गिऱ्हाईक बँकेला मिळणार कुठे? कर्जाच्या टेबलावर सोनाली नावाची गोड मुलगी होती. तिने कॉम्प्युटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत कॉम्प्युटरकडे बघितलं.

"मॅडम, तुमचा क्रेडिट स्कोअर मायनस एक येतोय."

"मायनस?" मी म्हटलं. शाळेत गणितातसुद्धा मी शून्याच्या खाली गेले नव्हते. "अहो, मी आयुष्यात कधी कर्ज काढलेलं नाही!"

"तेच ना मॅडम. घेतलंच नाही, तर तुम्ही फेडता की नाही हे आम्हाला कसं कळणार?"

मी तिला समजावून सांगितलं की आमच्या तात्यांचा नियमच आहे, पैसे असतील तर घ्या, नसतील तर दुकानासमोरून सरळ चालत जा. मी पन्नाशीपर्यंत सरळ चालत आले. ती म्हणाली, "खूप छान," आणि सल्ला दिला की आधी एखादा मिक्सर हप्त्यांवर घ्या, सहा महिने नीट फेडा, मग या. सहा महिने! रामदासकाकांचा 'हं' सहा महिने टिकेल का, या प्रश्नाला त्या फॉर्मवर रकाना नव्हता. मी थेट घरी आले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, परत घासली.

त्याच आठवड्यात हिंजवडीचा फोन लागेना. सहा वाजले, तात्यांनी नंबर लावला, नुसती रिंग. दुसऱ्या दिवशीही तेच. तात्या जेवले नाहीत. 'भूक नाही' म्हणाले आणि फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी श्रद्धाचाच फोन आला. काकांना श्वासाचा त्रास झाला होता, दवाखान्यात होते, आता घरी आणलंय. "काळजी करू नका," ती म्हणाली. तिचा आवाज मात्र काळजीने भरलेला होता.

त्या रात्री जेवणं आटपल्यावर संजय स्वयंपाकघरात आला. दार लोटून घेतलं.

"कल्याणी, एक सांगायचंय. ओरडणार नाहीस ना?"

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"आपला फ्रिज."

"काय झालं त्याला?"

"तो बोनसचा नव्हता. हप्त्यांवर घेतला होता."

मी फ्रिजकडे बघितलं. फ्रिज बिचारा गप्प होता. "आणि टीव्ही?"

"हप्त्यांवर."

"माझी पैठणी?"

"ती क्रेडिट कार्डावर. पण ती कधीच फेडली गं! सगळंच फेडलं! बारा वर्षांत एक हप्ता चुकलेला नाही!"

तात्यांना कळलं तर काय म्हणतील, या धास्तीने हा माणूस बारा वर्षं बँकेचे कागद स्कूटरच्या डिकीत रेनकोटखाली लपवत होता. मला आणि तात्यांना वाटायचं, जावईबापूंचा पगार फार हुशारीने पुरतो. आम्ही कॉम्प्युटरवर त्याचा स्कोअर काढला. नऊशेपैकी सातशे एक्क्याण्णव! जन्मभर सरळ चालणाऱ्या मला मायनस एक, आणि रेनकोटखाली पाप लपवणाऱ्या नवऱ्याला डिस्टिंक्शन. मी तासभर रागावले. अगदी मनापासून रागावले. मग लक्षात आलं की हा घाबरट माणूस आज स्वतःहून माझ्यापुढे उभा राहिला, तो तात्यांच्या मांडीवरचा तो फोन बघून. दुसऱ्या दिवशी त्याच्या भातावर मी तूप जरा जास्तच वाढलं.

तात्यांना मात्र सांगायला हवं होतं. त्यांच्यापासून लपवून सही करायची नाही, असं मी ठरवलं. संजय त्यांच्यापुढे शाळेतल्यासारखा उभा राहिला आणि सगळं बोलला. तात्यांनी ऐकून घेतलं.

"सगळे हप्ते वेळेवर?"

"एकही चुकला नाही, तात्या."

"मग एवढं घाबरायचं काय संजयराव? वेळेवर गाडी काढणाऱ्या माणसाला आमच्या डेपोत कुणी बोल लावत नव्हतं." आणि त्यांनी पेपर उघडला.

संजयच्या नावावर कर्ज चार दिवसांत मंजूर झालं. शोरूमला गेलो, तर चेतन आवाज खाली करून म्हणाला, "मॅडम, गाडी तयार आहे. पण सध्या पितृपक्ष चालू आहे. दसऱ्याला देतो, सगळे तेव्हाच नेतात."

"माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली," मी म्हटलं, "तेव्हापासून आमच्याकडे मुहूर्त बघणं बंद आहे. परवा द्या."

चेतनचा चेहरा इतका खुलला की मला त्याची दया आली. बिचारा पितृपक्ष लागल्यापासून रिकाम्या शोरूममध्ये माश्या मारत बसला होता. तिथल्या सगळ्या लोकांनी एकट्या आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या, पायपुसणीही फुकट दिली. नारळाऐवजी आम्ही पांढरी फुलं ठेवली आणि हात जोडले. सोसायटीत गाडी आणल्यावर सुदर्शनांनी अबोला मोडला. "वहिनी, पितृपक्षात?" एवढंच म्हणाले आणि जिना चढून गेले. पण संध्याकाळी बघितलं, तर आमच्या जागेवरची त्यांची मोडकी सायकल त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवली होती.

रविवारी सकाळी सातला निघालो. मी चालवत होते, तात्या शेजारी, संजय मागे मांडीवर शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा धरून. रविवारच्या सकाळी तासाभराचा रस्ता. आम्हाला अडीच तास लागले, कारण तात्या एकाही बसच्या पुढे जाऊ देईनात. "तिला जाऊ दे, आत माणसं खोळंबलीत." "ती स्टॉपवरून निघतेय, थांब." मागून हॉर्नवर हॉर्न. एका मोटरसायकलवाल्याने काचेपाशी येऊन मला काय काय ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्वारगेटला तात्या म्हणाले, "जरा हळू घे." आणखी हळू म्हणजे थांबवणंच होतं, तरी मी घेतली. त्यांनी डेपोच्या फाटकाकडे बघितलं. "रंग बदलला," म्हणाले.

हिंजवडीत त्या काचेच्या भल्यामोठ्या इमारतींच्या मागे एक अरुंद गल्ली आहे. त्या गल्लीच्या तोंडाशी रामदासकाका चाकाच्या खुर्चीत बसले होते. गुळगुळीत दाढी, धुतलेला शर्ट, आणि अर्धे झालेले. इतके वाळले होते की मी ओळखलंच नाही. श्रद्धा म्हणाली, "सकाळी सातपास्नं हितंच बसून हायेत. आत चला म्हटलं तर ऐकंनात."

तात्या उतरले. काठी टेकत त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. अडीच तासांत त्यांनी काय काय बोलायचं ठरवलं असेल कोण जाणे.

"काय रे," ते म्हणाले.

"हं," काका म्हणाले.

काकांनी डावा हात उचलून गाडीकडे दाखवलं. बसायचं होतं त्यांना. श्रद्धा आणि संजयने धरून उठवलं. मी पुढचं दार उघडलं, तर काकांनी जोरजोरात मान हलवली. मागे. मागे बसवलं. तात्यांनी पुढचं उघडं दार लावून टाकलं, गाडीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूने मागेच जाऊन बसायला लागले. त्या सीटला तर मी टेपच लावली नव्हती. टेकले, एक पाय आत, दुसरा पाय आत. बसले.

बावीस वर्षं ही दोन माणसं एकाच बसमध्ये होती. एक पुढे तोंड करून, दुसरा मागे गर्दीत. तात्यांना कंडक्टरचा आवाज माहीत आणि काकांना ड्रायव्हरची पाठ. शेजारी बसून दोघं मिळून कुठे गेलेच नव्हते कधी.

"रामदास," तात्या म्हणाले, "एका सीटवर आज पहिल्यांदा बसतोय रे आपण."

काका हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण दोन्ही डोळे भरून आले. तात्यांनी त्यांचा निकामी झालेला उजवा हात उचलला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरून मांडीवर घेतला. मी स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

"तात्या," मी कसंबसं विचारलं, "कुठे नेऊ?"

"मला कशाला विचारतेस? गाडी कधी सोडायची ते कंडक्टर सांगतो."

काकांनी डावा हात वर केला. हळूहळू, फार कष्टाने, काचेपर्यंत नेला आणि बोटाने दोनदा वाजवलं.

टक टक.

मी डोळे पुसले आणि गाडी सोडली.